स्क्रिप्ट तीच, रेणू तोच. उत्तर मात्र वेगळे

ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केली आणि काल चालणारी स्क्रिप्ट आज अडली, ही तक्रार जुनीच आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या उबुंटू ६.१० ने ‘एसएच’ या नावामागचा ‘बॅश’ शेल काढून तिथे ‘डॅश’ बसवला. डॅश चपळ, पण बॅशच्या खास सोयी त्याला ठाऊक नाहीत. त्यामुळे अनेक स्क्रिप्ट मध्येच थांबल्या. पडद्यावर चुकीचा संदेश येई, पहिल्या ओळीत बॅशचे नाव स्पष्ट लिहिले की काम भागे. बोंब ठोकणारा बिघाड परवडतो. गप्प बसणारा महागात पडतो.

२०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांनी असाच एक गप्प बिघाड पकडला. एका सायनोबॅक्टेरियापासून मिळालेल्या लेप्टाझोलिन रेणूंची रचना ते ठरवत होते. त्यांतील एकाने प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या कर्करोगपेशींची वाढ काही प्रमाणात रोखली होती. रचना पक्की करताना एनएमआर यंत्राने दिलेले आकडे संगणकाने काढलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. हा हिशेब करणाऱ्या, पायथन भाषेतल्या ‘विलोबी-हॉय’ स्क्रिप्ट २०१४ पासून रसायनशास्त्रज्ञ वापरत होते.

एकच नमुना वेगवेगळ्या संगणकांवर चालवला. विंडोज १० आणि मॅकच्या जुन्या मॅव्हरिक्सवर उत्तर आले १७३.२, नव्या मोहावीवर १७२.७ आणि उबुंटू १६ वर १७२.४. चुकीचा संदेश कुठेही नाही! फरक किरकोळ वाटेल. पण दोन जवळच्या रचनांपैकी खरी कोणती, हे अशाच दशांशांवर ठरते.

कारण साधे निघाले. एका रेणूच्या प्रत्येक आकारासाठी ऊर्जेची एक आणि एनएमआरची एक अशा दोन फाइल असतात. स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइलींची यादी मागवून त्यांच्या जोड्या लावी. ही यादी कोणत्या क्रमाने द्यायची याचे बंधन सिस्टीमवर नाही. क्रम बदलला, की एकाची ऊर्जा दुसऱ्याच्या गळ्यात. हजेरीपटाचा क्रम आणि गुणांच्या यादीचा क्रम वेगळा असताना शिक्षकांनी डोळे मिटून गुण भरावेत, तसे हे झाले. उपाय एवढाच होता, की यादी आधी नावांप्रमाणे लावून घ्यायची. ही स्क्रिप्ट वापरलेले शंभराहून अधिक शोधनिबंध मात्र त्यामुळे शंकेच्या छायेत आले.

शेल स्क्रिप्टमध्येही हा खड्डा आहेच. ‘फाइंड’ ही आज्ञा फाइली क्रमाने देत नाही, तिच्यापुढे ‘सॉर्ट’ जोडावे लागते. ‘सॉर्ट’चा क्रमही भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतो, म्हणून ते सेटिंग स्क्रिप्टमध्येच ठरवून टाकलेले बरे. अपग्रेडपूर्वी एक छोटा नमुना आणि त्याचे उत्तर जपून ठेवावे. अपग्रेडनंतर तोच नमुना चालवून दोन्ही उत्तरे ‘डिफ’ला द्यावीत. फरक असेल तर तो नेमक्या कोणत्या ओळीत आहे, हे लगेच दिसते.