न बांधलेल्या घरांतील उन्हाळा

मार्चच्या अखेरीस, वार्षिक परीक्षेच्या दिवसांत, पत्र्याच्या छपराखालीं बसून उत्तरपत्रिका लिहिणारीं मुलें ज्यानें पाहिलीं असतील, त्याला आजच्या विषयाची प्रस्तावना नको. ज्या शाळेंत मीं पुष्कळ वर्षें गणित शिकविलें, तिच्या वरच्या मजल्यावर असे तीन वर्ग होते. दुपारीं दोनच्या सुमारास बाकावर ठेवलेला उष्णतामापक ४१ अंश दाखवी. कागदावर घामाचे ठिपके पडत, शाई पसरे, आणि शेवटचीं दोन गणितें तशींच राहिलीं म्हणजे आम्ही शिक्षक मुलांच्या आळसाला बोल लावीत असूं.

मी निवृत्त झाल्यावर माजी विद्यार्थ्यांनीं कांहीं रक्कम जमविली आणि तिचा विनियोग कसा करावा याची चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, वातानुकूलन यंत्र बसवा. कोणी म्हणाले, पंखे वाढवा. एकानें थर्माकोलचें खोटें छत सुचविलें. मंडळींत एक वास्तुशिल्पी होता, एके काळचा माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, “सर, पैसे खर्च करण्याआधीं हे उपाय एकदां आंकड्यांत करून पाहूं या.” दुसऱ्या आठवड्यांत तो आपला लॅपटॉप घेऊन माझ्या घरीं आला. त्यानें जें दाखविलें तें समजून घेण्यास मला मॅट्रिकच्या गणितापलीकडे फारसें जावें लागलें नाहीं. म्हणूनच तें आपणांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहें.

या विद्येला सिम्युलेशन असें नांव आहे. मुली भातुकली मांडतात तेव्हां घर लटकें असतें, पण संसाराचे नियम खरे असतात. येथेंही तसेंच आहे. संगणकांत इमारत उभी करावयाची: भिंती किती लांब, किती जाड, विटेच्या कीं दगडाच्या, खिडक्या कोणत्या दिशेला, छज्जा किती पुढें आलेला, आंत माणसें किती आणि केव्हां, दिवे, पंखे, शेगडी किती वेळ चालू. मग त्या इमारतीवर त्या गांवचा सूर्य उगवूं द्यावयाचा, त्या गांवचा वारा वाहूं द्यावयाचा, आणि आंत काय घडतें तें तासातासानें मोजावयाचें. वर्षाचे तास होतात ८,७६०. एवढ्या वेळां तोच हिशेब न कंटाळतां करणें हें माणसाचें काम नव्हे.

हिशेब मात्र आपल्या ओळखीचा आहे. जुन्या अंकगणितांतलें हौदाचें उदाहरण आपणांस आठवत असेल: दोन नळ हौद भरतात, एक रिकामा करतो, तर हौद किती वेळांत भरेल? खोली हा उष्णतेचा हौद आहे. खिडकींतून येणारें ऊन, तापलेलें छप्पर, भिंती, माणसांचीं शरीरें आणि दिवे हे भरणारे नळ. उघड्या खिडकींतून वाहणारा वारा, थंड फरशी आणि रात्रीचें आकाश हे रिकामे करणारे. फरक इतकाच कीं, या हौदांतलें पाणी चढूं लागलें कीं नळांची धार आपोआप बदलते. खोली तापली कीं भिंतींतून आंत येणारी उष्णता कमी होते आणि खिडकीबाहेर जाणारी वाढते. म्हणून उत्तर एका झटक्यांत काढतां येत नाहीं. एका तासाचें उत्तर काढावयाचें, तें पुढच्या तासाला आरंभ म्हणून द्यावयाचें, आणि असें वर्षभर चालावयाचें.

आमच्या वर्गाचेंच उदाहरण घेऊं. छपराचें क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. दुपारीं पत्रा ६० अंशांपर्यंत तापतो आणि खोली ३६ अंशांवर आहे असें धरूं. फरक २४ अंशांचा. अशा पत्र्यापासून खालीं खोलींत येणारी उष्णता एका चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला, सुमारें ६ वॅट असते. गुणाकार केला तर ६,९१२ वॅट येतात. म्हणजे एकेका किलोवॅटच्या ७ शेगड्या मुलांच्या डोक्यावर पेटलेल्या! त्यांत ५० मुलें. बसलेल्या मुलाच्या शरीरांतून ८० वॅट निघतात असें धरलें तर आणखी ४,००० वॅट. आतां दीड टनाचें वातानुकूलन यंत्र फार तर ५,३०० वॅट उष्णता बाहेर टाकतें. शिवाय खोली थंड होऊं लागली कीं पत्र्याशीं असलेला फरक वाढतो आणि छप्पर अधिकच ओतूं लागतें. यंत्राची सूचना करणारे गृहस्थ हा गुणाकार पाहून गप्प बसले.

पत्र्याचा हिशेब सोपा, कारण पत्रा उष्णता साठवीत नाहीं. भिंतीचें तसें नाहीं. भिंत उधारीचा व्यवहार करते. ९ इंची विटेच्या भिंतीवर दुपारीं चार वाजतां पडलेलें ऊन आंतल्या बाजूस पोंचावयास सुमारें सात तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीला पलंग लावून निजणाऱ्याला रात्रीं अकरा वाजतां झोप कां येत नाहीं याचें कारण हेंच. मराठवाड्यांतील धाब्याच्या घरांचें जाड माळवद हाच उधारीचा धंदा फार मोठ्या मुदतीनें करतें, आणि दुपारचें ऊन घरांत उतरेपर्यंत बाहेरची रात्र थंड झालेली असते.

ही उधारी कशी मोजावी याचें गणित फ्रान्सच्या फूर्ये यानें १८२२ सालीं आपल्या ग्रंथांत मांडलें. हा गृहस्थ १७९८ सालीं नेपोलियनबरोबर ईजिप्तला गेला होता. परत आल्यावर त्याला थंडी सोसेना आणि तो भर उन्हाळ्यांतही लोकरी कपड्यांत असे, असें सांगतात. खरें-खोटें देव जाणे. समीकरण मिळालें, परंतु बदलतें ऊन आणि बदलता वारा धरून तें सोडविण्याचे कष्ट इतके कीं, दीडशें वर्षें बहुतेक अभियंते वर्षांतला एकच अतितप्त दिवस घेऊन अंदाजानें काम भागवीत. १९६७ सालीं कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळांतील स्टीव्हन्सन आणि मितालास यांनीं एक सुटसुटीत युक्ति प्रसिद्ध केली. भिंतीला उष्णतेचा एकच धक्का दिला तर ती पुढल्या प्रत्येक तासाला किती उष्णता आंत सोडील, याचें कोष्टक एकदांच करून ठेवावें. मग रोजचें ऊन म्हणजे अशा लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका समजून नुसती बेरीज करीत जावें. बेरीज हें संगणकाचें आवडतें काम. पुढें १९७३ सालीं तेलाचे भाव भडकले आणि इमारतींत जळणाऱ्या इंधनाकडे सरकारांचें लक्ष गेलें. अमेरिकेंत डीओई-२ आणि ब्लास्ट, स्कॉटलंडमध्यें ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठांत ईएसपी-आर, असे कार्यक्रम तयार झाले. पहिल्या दोहोंच्या आधारावर एनर्जीप्लस हा कार्यक्रम २००१ सालीं अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानें जगापुढें ठेवला. तो विनामूल्य मिळतो. माझ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर तोच होता.

आतां आपण विचाराल, या लटक्या घरावर विश्वास कितपत ठेवावा? हा प्रश्न तज्ज्ञांनाही पडला. १९९५ सालीं त्यांनीं बेसटेस्ट नांवाची एक परीक्षा प्रसिद्ध केली. परीक्षेचा पेपर म्हणजे ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच अशी एक साधी खोली, दक्षिणेला दोन खिडक्या. तीच खोली निरनिराळ्या कार्यक्रमांना सोडवावयास द्यावयाची. मग भिंती जड करावयाच्या, खिडक्या फिरवावयाच्या, आणि कोणाचें उत्तर इतरांपासून कोठें फटकतें तें पाहावयाचें. उत्तरें तंतोतंत जुळत नाहींत, पण चूक कोणत्या पायरीवर झाली हें सांपडतें. गणिताच्या शिक्षकाला ही पद्धत मनापासून पटते.

पण आमची चूक निराळीच होती. पहिल्या दिवशीं संगणकानें दुपारचें उष्णतामान ३८ सांगितलें आणि उष्णतामापक तर ४१ दाखवीत होता. माझ्या विद्यार्थ्यानें भिंती, पत्रा, ऊन सारें पुन्हां तपासलें. शेवटीं शाळेच्या सेवकाला विचारलें तेव्हां उलगडा झाला. संगणकांतल्या वर्गाच्या खिडक्या उघड्या होत्या. खऱ्या वर्गाच्या खिडक्या धूळ येते म्हणून तो सकाळींच लावून घेत असे. ज्या इमारती कागदावर काटकसरी ठरतात आणि प्रत्यक्षांत भरमसाट वीज खातात, त्यांतल्या कितीकांची कथा हीच असते. भिंतीचे गुणधर्म पुस्तकांत सांपडतात, माणसांच्या संवयी सांपडत नाहींत.

हवेच्या आंकड्यांतही असाच एक धोका आहे. संगणकाला जें ‘सामान्य वर्ष’ दिलें जातें, तें कधींच घडलेलें नसतें. एका वर्षाचा जानेवारी, दुसऱ्याचा फेब्रुवारी, असे सर्वांत सरासरीचे महिने निवडून तें शिवलेलें असतें. सरासरीच्या वर्षांत उष्णतेची लाट यावयाची नाहीं. आणि माणसें आजारी पडतात तीं लाटेंत.

आंत किती अंश असावेत हाही वादाचाच प्रश्न. डेन्मार्कच्या फांगर यांनीं १९७० सालीं दाखविलें कीं, माणसाचें सुख हवेच्या उष्णतामानावरच अवलंबून नसतें. भोंवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि चाललेलें काम या पांच गोष्टी आणखी धराव्या लागतात. आमच्या वर्गांत पंखे फिरत असूनही मुलें कां घामेजत, याचें उत्तर यांतच आहे. पंखा हवा हलवितो, पण तापलेला पत्रा किरणांनीं थेट डोकें भाजतो. फांगर यांचे प्रयोग मात्र यंत्रानें नियंत्रित खोल्यांतले. आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानें अहमदाबाद, दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि सिमला येथील कचेऱ्यांत काम करणाऱ्यांनाच विचारून २०१४ सालीं एक सूत्र दिलें. खिडक्या उघडणाऱ्या इमारतींत, मागील दिवसांच्या बाहेरच्या सरासरी उष्णतामानाला ०.५४ नें गुणावें आणि त्यांत १२.८३ मिळवावे. बाहेरची सरासरी ३० असेल तर उत्तर येतें २९. म्हणजे अशा घरांत राहणारा भारतीय मनुष्य २९ अंशांतही समाधानी असतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंत या सूत्राला स्थान मिळालें. संगणकाला ‘सुखाचें उष्णतामान २४’ सांगितलें तर तो यंत्र मागतो. २९ सांगितलें तर पुष्कळदां छज्जा आणि समोरासमोर खिडक्या यांवर भागवितो.

येथवर प्रश्न घामाचा आणि विजेच्या बिलाचा होता. मुंबईच्या एम-पूर्व विभागांतील एका अभ्यासानें तो त्याहून गंभीर असल्याचें दाखविलें. तेथील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी. एम. जी. कॉलनी या पुनर्वसन-वसाहतींत ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि मुंबईची आय. आय. टी. यांनीं घरोघर जाऊन क्षयरोग्यांची चौकशी केली आणि त्याच इमारती संगणकांत उभ्या करून त्यांतला वारा व उजेड मोजला. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधलें अंतर सुमारें ३ मीटर. दोन उंच भिंतींमधल्या या फटींतून खालच्या मजल्यांवर ना ऊन उतरत, ना वारा शिरत. २०१८ सालीं निष्कर्ष पुढें आले, तेव्हां याच दोन वसाहतींत क्षयाचें प्रमाण तिसरीपेक्षां पुष्कळ अधिक आढळलें. क्षय जंतूमुळें होतो, इमारतीमुळें नव्हे. दाटी आणि निकस आहार यांचाही त्यांत वांटा आहे. पण खोलींतली हवा जितकी उशिरां बदलते तितका एकाचा खोकला दुसऱ्याच्या छातींत जाण्यास अवकाश मिळतो. ज्यांनीं ते नकाशे मंजूर केले त्यांनीं वाऱ्याचा हा हिशेब आधीं मागितला असता तर बरें झालें असतें, एवढें म्हटल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं.

२०१८ च्याच ‘इको निवास संहिते’त दमट-उष्ण प्रदेशांतील घरांना उघडणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश असावें असें सांगितलें आहे. पुनर्वसनाच्या जुन्या २२५ चौरस फुटांच्या घराला तें साडेसदतीस चौरस फूट पडतें. नियम चांगला आहे. मात्र या प्रमाणांत खिडकी मोजली जाते, तिच्यासमोर ३ मीटरांवर उभी असलेली भिंत मोजली जात नाहीं. ती संगणकांत मोजतां येते.

आमच्या वर्गांचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. उष्णतेच्या हिशेबांत थर्माकोलचें छत जवळजवळ पहिलें आलें. परंतु थर्माकोल पेटतो, आणि आगीविषयीं आम्हीं संगणकाला विचारलेंच नव्हतें. तें सुचविणाऱ्यानेंच सूचना मागें घेतली. शेवटीं पत्र्याला बाहेरून चुन्याचे दोन हात दिले, आढ्याजवळ गरम हवा निघून जाण्यास झरोके ठेविले, आणि धूळ अडविण्यासाठीं खिडक्यांना जाळ्या लावून त्या उघड्या ठेवण्याचें सेवकाकडून वचन घेतलें. संगणकानें ४ अंश उतरतील म्हणून सांगितलें होतें, ३ उतरले. पावसाळ्यांत चुना धुवून जातो, तेव्हां दर फाल्गुनांत तो पुन्हां द्यावा लागतो. त्या खर्चाची तरतूद शाळेच्या अंदाजपत्रकांत अद्याप झालेली नाहीं. तूर्त माजी विद्यार्थी वर्गणी काढतात.