गल्ल्यावर बसून लक्ष एका जागी कसं ठेवायचं?

मागच्या व्हिडिओत आपण वेळेचं नियोजन पाहिलं. आज त्याच्याही आधीची गोष्ट, लक्ष. हा धडा मला चार हजार रुपयांना पडला, आणि ते चार हजार माझे नव्हतेच.

दिवाळीची गर्दी होती. एका जुन्या गिऱ्हाइकाने, त्यांना आपण काका म्हणू, उधारीचे चार हजार रोख दिले. तेवढ्यात फोन वाजला. पैसे गल्ल्यात गेले, वहीत नोंद राहिली. रात्री गल्ला जुळवताना चार हजार जास्त निघाले. 'बघू उद्या' म्हणून मी झोपलो. महिन्याने काकांना चारचौघांत पैसे मागितले. ते म्हणाले, "दिलेत की." मी वही पुढे केली. त्यांनी काही न बोलता पुन्हा पैसे मोजले, आणि त्या दिवसापासून दुकानात येणं बंद केलं.

बीबीएत मला मार्केटिंग शिकवलं, लक्ष कसं द्यायचं ते कोणी शिकवलं नाही. ते सापडलं एका जुन्या बौद्ध ग्रंथात. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा पाली ग्रंथ लिहिला. (आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी त्याची संहिता संपादित केली आहे.) त्यात चित्त एकाग्र करण्यासाठी श्वास मोजायला सांगितलाय, आणि दाखला दिलाय चक्क धान्य मापणाऱ्याचा! तो माप भरतो, 'एक' म्हणतो, ओततो. पुढचं माप भरताना कचरा दिसला तर काढून टाकतो, पण तोंडाने 'एक, एक' चालूच. माझे आजोबा पायलीने धान्य मापताना असंच करायचे, फक्त एकाच्या जागी 'लाभ' म्हणायचे. मध्येच कोणी हाक मारली तरी 'लाभ, लाभ' सुरूच.

म्हणजे बघा, कचरा येणारच हे त्यात धरलेलंच आहे. फोन वाजणार, पोरगं विचारणार, 'साखर संपली का?' मनात विचार येणार. ते आले म्हणून स्वतःवर चिडायचं नाही, फक्त मोजणी सोडायची नाही.

करायचं कसं? शटर उघडण्याआधी दहा मिनिटं बसा. एक श्वास आत-बाहेर झाला की एक. ग्रंथातला नियम असा की ५ च्या आत थांबू नका आणि १० च्या पुढे जाऊ नका. पाचाच्या आत मन कोंडल्यासारखं तडफडतं, दहाच्या पुढे ते श्वास सोडून आकड्यालाच चिकटतं. मोजणी चुकली की पुन्हा एकपासून. मी पहिल्या आठवड्यात चारच्या पुढे गेलो नव्हतो, तेव्हा घाबरू नका. मन श्वासावर टिकायला लागलं की मोजणी सोडून द्यायची. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात तर मोजायला सांगतच नाहीत, नुसता नैसर्गिक श्वास बघायचा. पण दुकानदाराच्या मनाला सुरुवातीला आकडा बरा पडतो, असं माझं मत.

आणि गल्ल्यावर? रोकड हातात आली की मी आता 'काका चार हजार, काका चार हजार' असं पुटपुटत राहतो, नोंद होईपर्यंत. फोन वाजू दे. नवीन पोरं हसतात.

काकांचे पैसे मी घरी जाऊन परत केले. त्यांनी चहा पाजला. सामान मात्र अजून समोरच्या दुकानातूनच भरतात.