नावातच खंड: डॉ. हॉर्टन
जेम्स बील हॉर्टन (1835–1883) यांचा जन्म सिएरा लिओनमधल्या ग्लॉस्टर गावचा. वडील इग्बो; गुलामांच्या जहाजातून सुटका होऊन तिथे स्थायिक झालेले. 1855 मध्ये ब्रिटिश युद्धखात्याने लष्करी डॉक्टर घडवण्यासाठी ज्या तीन तरुणांना लंडनला धाडलं, त्यांत हॉर्टन होते. 1859 मध्ये एडिंबराची एम.डी. मिळाली. तिथेच त्यांनी आपल्या नावात ‘आफ्रिकॅनस’ची भर घातली. ओळख लपवण्यात सोय होती, अशा काळात ही भर!

नोकरी बरीचशी गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात. गोऱ्या सहकाऱ्यांना त्यांचं असणं खुपे. पुढे आफ्रिकी डॉक्टर घडवण्याची ती योजनाच बारगळली. हॉर्टन मात्र लिहीत राहिले. 1868 च्या ग्रंथात त्यांनी आफ्रिकी माणूस जन्मतःच कमी कुवतीचा, या तेव्हाच्या ‘शास्त्रीय’ दाव्याची चिरफाड केली आणि पश्चिम आफ्रिकेतल्या एकेका प्रदेशासाठी स्वराज्याचा आराखडा मांडला. तोही सरकारी गणवेशात राहून. गोल्ड कोस्टवरच्या फांटे लोकांच्या राज्यांच्या संघाला त्यांचा उघड पाठिंबा होता. हा संघ इंग्रजांनी टिकू दिला नाही. 1874 मध्ये गोल्ड कोस्ट रीतसर वसाहत झाला.

1880 मध्ये निवृत्त झाल्यावर डॉक्टरसाहेब खाणींच्या सवलती आणि बँकिंगकडे वळले. फ्रीटाऊनमध्ये काढलेली बँक त्यांच्यामागे टिकली नाही.