'होईल रे' म्हणणारा लीडर नको!

फेस्टला चार दिवस उरलेत. मेन स्पॉन्सरने फोन उचलणं बंद केलंय, साउंडवाला अ‍ॅडव्हान्ससाठी मागे लागलाय आणि कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेडचा मेसेज येतो, 'होईल रे सगळं, टेन्शन नका घेऊ!' खाली दहा-बारा अंगठे. पण त्या रात्री ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना झोप नसते. कारण काय होणार, कसं होणार आणि कोण करणार, हे कुणालाच माहीत नसतं.

उद्या नोकरीला लागलो की असे 'होईल रे' म्हणणारे बॉस तिथेही भेटणार आहेत. आणि काही वर्षांनी आपणही कुणाचे तरी टीम लीडर होणार आहोत. मग संकटातही टीमचा धीर टिकवणारा लीडर नेमकं काय वेगळं करतो? याचं एक चांगलं उदाहरण आपल्या ओळखीचंच आहे. गणपतीला गावी जाताना आपण त्यावरूनच तर जातो. कोकण रेल्वे!

रिटायरमेंटनंतरची नवी नोकरी

1990 साली ई. श्रीधरन रेल्वेतून निवृत्त झाले. वय 58. त्याच वर्षी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण 740 किलोमीटरचा मार्ग. मध्ये सह्याद्री, नद्या, खाड्या, वर कोकणातला पाऊस. सुमारे 90 बोगदे आणि लहान-मोठे मिळून जवळपास 2000 पूल. एकट्या करबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल तब्बल 64 मीटर उंच. सगळा पैसा सरकारी तिजोरीतून येणार नव्हता, बराचसा बाँड काढून उभा करायचा होता. आणि हे सगळं पाच वर्षांत पूर्ण करायचं, असं ठरलं.

कागदावर हा वेडेपणाच वाटतो. पण कामाची आखणी बघितली की लक्षात येतं, हा नुसता उत्साह नव्हता. सगळा मार्ग पूर्ण झाल्यावरच गाडी सोडायची, असं ठरवलं नाही. जो तुकडा तयार होईल तो सुरू करायचा. 1993 मध्ये एका टोकाला मंगळूर-उडुपी आणि दुसऱ्या टोकाला रोहा-वीर अशा गाड्या धावू लागल्यासुद्धा. मधलं काम अजून बाकी होतं, पण 'हे होऊ शकतं' याचा पुरावा डोळ्यासमोर रुळांवरून धावत होता. टीमला धीर द्यायला यापेक्षा मोठं भाषण कुठलं?

पेडण्याच्या मातीने रडवलं

पुढची गोष्ट मात्र सोपी नाही. गोव्यात मार्गाला विरोध झाला, आंदोलनं झाली, काम काही काळ थांबलं. आणि मग आली माती. कठीण खडक फोडायला स्वीडनहून आणलेली यंत्रं होती. पण मऊ, पाण्याने भिजलेल्या मातीपुढे त्यांचा उपयोग नव्हता. खणलं की ढासळायचं. अशा मऊ मातीतल्या बोगद्यांचं काम हाताने, अगदी थोडं थोडं करत पुढे न्यावं लागलं. गोव्यातला पेडण्याचा बोगदा तर सगळ्यात हट्टी. दोन्ही बाजूंचा मार्ग तयार आणि मधला दीड किलोमीटर अडून बसलेला!

पाच वर्षांची मुदत हुकली. अखेर जानेवारी 1998 मध्ये पूर्ण मार्गावरून गाडी धावली.

म्हणजे आशावादाने माती घट्ट झाली नाही. तारीख पुढे गेली ती गेलीच. पण पेडण्यात अडलं म्हणून बाकीचं काम कुणी सोडून दिलं नाही, आणि 'किरकोळ अडचण आहे' म्हणत पेडण्याकडे डोळेझाकही केली नाही. रेझिलियन्स, म्हणजे पडून पुन्हा उभं राहणं, ते हेच असावं. जिथे पुढे सरकता येतं तिथे सरकायचं, जिथे अडलंय तिथे रोज थोडं खणायचं.

किंमत कोण मोजतं?

लीडरच्या आशावादाबद्दल बोलताना एक गोष्ट आपण विसरतो. मोठं स्वप्न वरचा माणूस बघतो, पण त्याचा धोका खालचा माणूस पत्करतो. कोकण रेल्वे बांधताना अनेक मजुरांचे जीव गेले. रत्नागिरी स्टेशनवर त्यांचं स्मारक आहे. पुढच्या वेळी उतरलात तर वडापाव घ्यायच्या आधी दोन मिनिटं तिथे थांबा.

म्हणूनच श्रीधरन यांची पुढची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते दिल्ली मेट्रोचे प्रमुख असताना 12 जुलै 2009 रोजी जमरूदपूर इथे बांधकाम सुरू असलेला भाग कोसळला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. श्रीधरन यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तत्कालीन मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनी तो स्वीकारला नाही आणि ते पुन्हा कामाला लागले. ठेकेदाराकडे किंवा एखाद्या ज्युनिअर इंजिनीअरकडे बोट दाखवणं सोपं होतं. पण बॉस स्वतःच्या अंगावर घेतो हे दिसलं, की खालची माणसं चूक लपवत नाहीत, वेळेत सांगतात. आणि बोगदा असो की प्रेझेंटेशन, वेळेत कळलेली चूक निस्तरता येते.

मग ग्रुपवर काय टाकायचं?

आता परत त्या फेस्टकडे या. समजा हेडने असा मेसेज टाकला असता, 'स्पॉन्सर गेला. त्याच्यावर अवलंबून राहिलो ही माझी चूक. आपल्याकडे अर्धेच पैसे आहेत. डीजे नाईट रद्द, बाकीचे इव्हेंट होणार. दोघं जण साउंडवाल्याशी बोला, मी प्राचार्यांना भेटतो. रात्री नऊला सगळे कँटीनमध्ये.'

या मेसेजवर अंगठे कदाचित कमी आले असते. पण लोकांना झोप लागली असती, आणि नऊ वाजता कँटीन भरलेलं असतं.