चूल, धूर आणि आमच्या घरातील पेलेटची शेगडी

खानापूर तालुक्यातील पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ओल्या सरपणाची कथा नव्याने सांगावयास नको. जून लागला की माळ्यावर रचलेली लाकडे दमट होतात, शेणी मऊ पडतात, आणि सकाळच्या भाकरीपूर्वी घरातील बाईला अर्धा तास फुंकणीशी झुंजावे लागते. आमच्या घरी हे काम गेली पन्नास वर्षे आमच्या आईने केले. तिच्या मागे भिंत काळी झाली, वरची कौले काळी झाली. परंतु तिच्या छातीतही तोच धूर साठत आहे, हे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात तिचा खोकला बळावला. रात्री उशाला टेकून बसल्याखेरीज तिला झोप येईना. बेळगावास नेऊन दाखविले, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून प्रथम विचारले, "घरात कोणी विडी ओढते का?" आम्ही नाही म्हणताच त्यांचा दुसरा प्रश्न आला, "मग स्वयंपाक कशावर होतो?" आम्ही खाली पाहिले. जन्मात विडीला न शिवलेल्या आमच्या आईची फुप्फुसे एखाद्या जुन्या विडीबहाद्दरासारखी झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. हा आकडा आम्ही पूर्वी वाचला असता तर पान उलटून पुढे गेलो असतो. त्या दिवशी मात्र तो आमच्या शेजारी बाकावर बसून खोकत होता.

वाचक विचारतील की घरी गॅस नव्हता काय? होता. आजही आहे. परंतु खेडेगावात गॅस असणे आणि गॅसवर स्वयंपाक होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरी गॅसवर चहा होई, पाहुण्यांसाठी पोहे होत. भाकरी, आमटी, कुळथाचे कढण आणि सर्वांच्या अंघोळीचे पाणी चुलीवरच. सिलिंडरचे पैसे एकदम मोजावे लागतात, आणि झडीच्या दिवसांत तो वेळेवर येईलच असा भरवसा नसतो. शिवाय आईचे ठाम मत होते की गॅसवरची भाकरी फुगते, पण तिला चव नसते. सुनेने कितीही समजाविले तरी पहाटे ती उठे आणि चूल पेटवी.

धुराविना चूल हा प्रयोगही आमच्या घरी झालेला होता. १९८० नंतरच्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, तेव्हा आमच्याकडेही दोन भांड्यांची, सिमेंटच्या नळीची चूल बसविण्यात आली. दोन वर्षे बरी चालली. पुढे नळी काजळीने भरली, चुलीला तडा गेला, आणि दुरुस्तीस कोणी फिरकले नाही. आमचीही चूक होतीच. नळी महिन्या दोन महिन्यांनी साफ करावी लागते, हे आम्ही ऐकले होते, पण केले नाही. तो कार्यक्रम २००२ साली संपला. त्याच्याही कितीतरी आधी आमची चूल परसात गेली होती.

पेलेटच्या शेगडीची गोष्ट आम्हांस प्रथम कळली ती बेळगावातील एका खानावळीत. तिथल्या भटारखान्यात मोठी भट्टी चालू होती, आणि तरीही भिंती स्वच्छ होत्या. आम्ही चौकशी केली, तेव्हा मालकांनी पोत्यातून मूठभर कांड्या काढून आमच्या हातावर ठेवल्या. करंगळीहून बारीक, तपकिरी आणि चकचकीत अशा त्या कांड्या होत्या. लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले असा माल वाळवून दळतात आणि भोकांच्या पोलादी चकतीतून मोठ्या दाबाने दाबून काढतात. त्या दाबाने व घर्षणाने माल तापतो, लाकडातलाच लिग्निन नावाचा चिकट अंश मऊ होतो, आणि निवताना तोच सर्वांना बांधून ठेवतो. बाहेरून डिंक वा खळ घालावी लागत नाही. कांडीची जाडी साधारण ६ ते ८ मिलिमीटर असते. तिच्यात ओल फार थोडी असते, आणि जळण्याचे सारे रहस्य याच कोरडेपणात आहे.

हे इंधन मूळचे थंड मुलखातले. १९७३ साली तेलाचे भाव कडाडल्यावर अमेरिकेत लाकडाच्या भुशाकडे लोकांचे लक्ष गेले, आणि पुढल्या दशकात तेथे घर उबदार ठेवण्यासाठी पेलेटच्या शेगड्या आल्या. आज इटली, ऑस्ट्रिया या देशांतही त्या घरोघर दिसतात. तेथील शेगडीस वर कांड्यांची पेटी असते, एक फिरता स्क्रू त्या थोड्या थोड्या आगीत लोटतो, आणि धूर नळीवाटे घराबाहेर जातो. आपल्याकडील शेगडी खोली तापविण्यासाठी नसून स्वयंपाकासाठी आहे, म्हणून तिची रचना साधी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा शेगडीवर पुष्कळ संशोधन झालेले आहे.

तिचे काम कसे चालते, ते आम्ही समजून घेतले तसे सांगतो. लाकूड पेटते असे आपण म्हणतो. खरे पाहता तापलेल्या लाकडातून वायू निघतो आणि तो वायू पेटतो. चुलीत या वायूला पुरेशी हवा मिळत नाही. जो वायू जळल्याविना निसटतो, तोच धूर. पेलेटच्या शेगडीत खाली एक लहान पंखा असतो. तो थोडी हवा तळातून कांड्यांना देतो, आणि उरलेली हवा भोवतालच्या पोकळीतून तापून वरच्या बाजूच्या छिद्रांवाटे ज्वाळेत शिरते. खालून आलेला वायू तेथे पुरता जळून जातो. आपल्या चुलीत उष्णतेचा जेमतेम सहावा सातवा हिस्सा भांड्यास लागतो. या शेगडीत तो एक तृतीयांशाहून अधिक जातो.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही ती विकत घेतली. दुकानात पेटवून दाखविल्यावाचून पैसे द्यायचे नाहीत, असे आम्ही घरूनच ठरवून गेलो होतो. आमच्या सौ. सोबत होत्या. त्यांनी स्वतः पाणी उकळून पाहिले, आमचे मोठे पातेले वर ठेवून ती डगमगते का तेही पाहिले. पंख्याची बॅटरी बिघडली तर निराळी मिळेल का, हा प्रश्नही त्यांचाच. आम्ही मात्र शेगडीच्या झिलईकडे पाहत होतो. साडेतीन हजार रुपये मोजून शेगडी, आणि पंधरा रुपये किलोने चाळीस किलोचे एक पोते पेलेट घेऊन आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर खरी अडचण दिसली. शेगडीची उंची दीड वीत. पाटावर बसून भाकरी थापणाऱ्या आईला तवा खांद्याशी येऊ लागला. ओट्यावर ठेवावी तर तिला उभे राहवत नाही. मग गवंड्याकरवी जुन्या चुलीच्या जागीच जमिनीत हातभर रुंदीचा खड्डा केला आणि शेगडी त्यात उतरविली. तवा चुलीइतक्याच उंचीवर आला. आम्ही मोठ्या समाधानाने शेगडी पेटविली, आणि क्षणात सारे घर धुराने भरून गेले! आई काही बोलली नाही. तिने केवळ पदर नाकाशी धरला. गवंड्याने नीटनेटके दिसावे म्हणून सभोवार माती लिंपली होती, त्यामुळे पंख्याची वाटच बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या बाजूस वीतभर मोकळी जागा सोडली, तेव्हा ज्वाळ निळसर व सरळ उभी राहिली. वरचे जुने धुराडे आम्ही तसेच ठेवले, आणि समोरची अनेक वर्षे बंद असलेली खिडकी उघडली.

ही खिडकी उघडण्याविषयी आम्ही आग्रहाने सांगतो. शेगडीला धूर नाही म्हणजे दोष नाही, असे समजू नये. पेटविताना थोडा धूर होतोच. आणि शेवटी कांड्यांचे निखारे उरतात, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, पण बंद खोलीत तो प्राण घेतो. थंडीत शेक मिळावा म्हणून अशी शेगडी निजावयाच्या खोलीत कधीही नेऊ नये. तिचे बाहेरील अंगही तापते. रांगती मुले असतील तेथे आडोसा हवा.

आईला नवी रीत शिकण्यास महिना लागला. चुलीत लाकूड आत सारले की आच वाढते, ओढले की उतरते. येथे आच पंख्याच्या कळीने कमी अधिक करावी लागते. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे कांड्या आधीच मोजून भराव्या लागतात; मध्येच वरून मूठ टाकली की धूर होतो. आमच्या शेगडीत सुमारे सहाशे ग्रॅम मावतात, आणि त्या तासभर चालतात. वरच्या थरावर नारळाची सोडणे व दोन काटक्या ठेवून वरूनच पेटवायचे, खालून नाही. पहिल्या आठवड्यात चार भाकऱ्या उरल्या असता आग संपली. आईने पीठ झाकून ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "हिला पोटापुरतेच कळते." त्यानंतर ती एका जुन्या मापट्याने कांड्या मोजू लागली. भाकऱ्यांना किती, आमटीला किती, हे तिचे गणित आता चुकत नाही. उरलेल्या निखाऱ्यावर ती वांगे भाजते किंवा सुका बांगडा.

यानंतर झालेली चूक सर्वस्वी आमची. जूनमध्ये दुसरे पोते आणले आणि ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवले. आठ दिवसांनी उघडले तो खालचा निम्मा माल फुगून पुन्हा भुसा झालेला! तीनशे रुपये ओलीत गेले. कांडी जशी दाबाने बनते, तशी ओलीने मोडते. तेव्हापासून आम्ही पेलेट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात, पिंप फळीवर आणि फळी भिंतीपासून दूर ठेवतो. पारखही शिकलो. चांगली कांडी गुळगुळीत असते, मोडताना कट्‌कन आवाज करते आणि पाण्यात टाकली असता बुडते. पोत्याच्या तळाशी फार भुकटी असेल तर माल परत करावा. टरफले अधिक असलेल्या कांडीची राख जास्त पडते आणि खाली खडा धरतो. म्हणून रोज सकाळी शेगडी झाडून घ्यावी.

आता खर्चाचे सांगू, कारण येथे पुष्कळांची समजूत चुकते. आम्हांस दिवसाला दोन भरणे लागतात, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास; महिन्याला साडेपाचशे ते सहाशे रुपये. आमच्या हिशेबाने १४.२ किलोच्या एका गॅस सिलिंडरचे काम करावयास साठ ते पासष्ट किलो पेलेट लागतात. पंधरा रुपये दर धरला तर ती रक्कम सिलिंडरहून फारशी कमी भरत नाही. तेव्हा स्वस्त म्हणून ही शेगडी घ्यावी, असे आम्ही कोणास सांगणार नाही. ज्या घरी सर्व स्वयंपाक गॅसवर होतो, त्या घराने गॅसच चालू ठेवावा. तो याहून स्वच्छ आहे. परंतु ज्या घरी गॅस कोपऱ्यात आणि चूल मध्यभागी आहे, त्या घरासाठी ही शेगडी विचारात घेण्याजोगी आहे. तिचे इंधन दहा किलोही आणता येते, आणि जुन्या हाताला तिची सवय होते.

शेगडीपूर्वी इंधनाची चौकशी करावी, हा आमचा दुसरा सल्ला. ज्या दुकानातून आम्ही शेगडी घेतली, तेथे सहा महिन्यांत पेलेट मिळेनासे झाले. कारखान्यांना व मोठ्या भट्ट्यांनाही हाच माल लागतो, त्यामुळे किरकोळ गिऱ्हाईक मागे पडते. तीन आठवडे आई पुन्हा चुलीकडे गेली, आणि तिचा खोकलाही परत आला. शेवटी त्या खानावळीच्या मालकांनीच आपल्या गाडीतून आमची पोती आणविण्याचे कबूल केले. आता आमच्या वाडीतील चार घरे मिळून माल मागवितात. शेगडी एकट्याला घेता येते. इंधन मात्र चौघांनी मिळून आणले तर टिकते.

सर्वच काही सुधारले असे नाही. नाताळच्या नेवऱ्या तळावयास मोठी कढई या शेगडीवर बसत नाही. त्या दिवशी परसातली चूल पेटते आणि आई दुरून, खुर्चीवर बसून सूचना देते. अंघोळीचे पाणी अद्याप बाहेरच्या बंबावर तापते. आईची फुप्फुसेही नवी झाली नाहीत. जे गेले ते परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तिचे औषध चालू आहे. परंतु मागील पावसाळ्यात ती बहुतेक रात्री आडवी होऊन झोपली.

शेगडी आली त्या वर्षी आम्ही स्वयंपाकघरास चुना दिला होता. पुढल्या वर्षी चुन्याचा डबा घेऊन गेलो, तेव्हा आईने भिंतीवरून हात फिरवून तळवा आम्हांस दाखविला. तो स्वच्छ होता. "यंदा राहू दे," ती म्हणाली. ज्या घरांत अजूनही कोणीतरी पहाटे फुंकणी घेऊन बसते, त्या घरांतील कर्त्या माणसांनी एकदा आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.