गर्भाशयांतील गांठी : आमच्या घरांतील दोन अनुभव

एकत्र कुटुंबांत रात्रीच्या पंगतीला कोणत्या विषयाची चर्चा होत नाहीं? मोसंबीचा भाव, लोखंडाच्या कारखान्यांचा धूर, भावकींतील बांधाचा तंटा, नातवाचे गणितांतील गुण, हें सर्व निःसंकोचपणें बोललें जातें. परंतु वाढणारी स्त्री वाढतां वाढतां भिंतीला कां टेकली, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आम्हीं तरी विचारलें नव्हतें. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत व मराठी शिकविणाऱ्या, शब्दाशब्दाची व्युत्पत्ति विचारणाऱ्या आम्हांस आपल्याच घरांतील दोघींच्या दुखण्याचें नांव कळण्यास फार उशीर लागला. तो उशीर इतरांच्या वांट्यास येऊं नये, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना आणि दुसऱ्या तीरावर नवीन जालना. आमचें अकरा माणसांचें घर नवीन जालन्यांत आहे. पहिला अनुभव आमच्या सूनबाईंचा. तो त्यांच्या संमतीनें देत आहों. नांव घालूं नये, एवढीच त्यांची अट आहे.

सन २०१८ सालीं त्यांचें वय एकोणचाळीस होतें. भाद्रपदांतील महालक्ष्म्यांचा सण म्हणजे मराठवाड्यांतील घरोघरच्या स्त्रियांची कसोटीच. त्या वर्षीं जेवणाच्या दिवशीं पुरण वाटतां वाटतां सूनबाईंस घेरी आली. रक्त तपासलें तेव्हां हिमोग्लोबिन ६.२ निघालें, स्त्रियांत तें निदान १२ असावें. मग हळूहळू सर्व उलगडलें. तीन वर्षांपासून पाळीचे चार दिवसांचे नऊ दिवस झाले होते, तासा-दोन तासांनीं पॅड बदलावें लागे, रक्ताच्या गुठळ्या पडत. आणि सणावारीं सोंवळ्यांत अडथळा नको म्हणून पाळी लांबविण्याच्या गोळ्या त्या कोणासही न सांगतां घेत. "मामंजी, सासूबाईंनींही असेंच काढलें. मग मीं काय सांगावयाचें?" हें त्यांचें उत्तर ऐकून आमच्या सौभाग्यवती मान खालीं घालून बसल्या. सोनोग्राफींत गर्भाशयांत तीन गांठी दिसल्या. सर्वांत मोठी मोसंबीएवढी होती.

या गांठींस डॉक्टर फायब्रॉइड किंवा लियोमायोमा म्हणतात. ग्रीक भाषेंत 'लेइऑस' म्हणजे गुळगुळीत, आणि 'मूस' म्हणजे उंदीर व स्नायूही; आपला 'मूषक' त्याच मूस-शब्दाचा भाऊ. गर्भाशयाच्या गुळगुळीत स्नायूंतील एका पेशीपासून ही गांठ वाढत जाते. स्त्रीशरीरांतील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन हे स्राव तिला खाद्य पुरवितात, म्हणून पाळी कायमची थांबली कीं ती बहुधा आक्रसते. अमेरिकेंतील एका पाहणींत पन्नाशी गांठेपर्यंत दहांपैकीं सात किंवा अधिक स्त्रियांत अशा गांठी आढळल्या. त्यांतील पुष्कळींस त्यांचा पत्ताही नसतो. त्रास ठरतो तो गांठीच्या आकारापेक्षां जागेवरून. आंतल्या अस्तराखालची सुपारीएवढी गांठ रक्ताचा पूर आणते. बाहेरच्या अंगाची मोठी गांठ मूत्राशयावर दाब आणून वारंवार लघवीस उठविते. ही गांठ म्हणजे कर्करोग नव्हे, हें पहिलें सत्य प्रत्येक घरानें पाठ करावें.

आपल्या पूर्वजांस पोटांतील गांठींचा परिचय नव्हता असें नाहीं. चरकसंहितेंत 'रक्तगुल्म' केवळ स्त्रियांस होतो असें सांगितलें आहे. आणि तो गर्भासारखा भासतो म्हणून दहा महिने उलटल्यावरच त्यावर उपचार करावा, अशी सावधगिरीची सूचनाही आहे. तो रक्तगुल्म म्हणजे आजचा फायब्रॉइडच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. परंतु निदान पक्कें होईपर्यंत हात आवरावा, ही त्यांतील वृत्ति आजही शिकण्याजोगी आहे.

ती वृत्ति आम्हांस प्रथम भेटली नाहीं. ज्या डॉक्टरांकडे आम्ही आधीं गेलों, त्यांनीं पांच मिनिटांत सांगितलें, "पिशवी काढून टाका, नाहींतर पुढें कॅन्सर होईल." चिरंजीव पैशांच्या तजविजीस लागले. सूनबाईच म्हणाल्या, "मला आधीं आणखी कोणाला तरी विचारावयाचें आहे." त्यांचे हे शब्द किती मोलाचे होते, हें पुढें वर्तमानपत्रांनीं दाखवून दिलें. शेजारच्या बीड जिल्ह्यांत सन २०१९ मध्यें शासनाच्या समितीनें ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळें मजुरी बुडूं नये, म्हणून आणि कर्करोगाच्या धास्तीनें त्या ऑपरेशनास तयार झाल्या होत्या. अनावश्यक शस्त्रक्रियांस आळा घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनीं अमलांत आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें सन २०२३ मध्यें दिला. भीति दाखविली कीं अडाणी स्त्री जशी मान तुकविते, तसेंच सुशिक्षित घरही तुकवितें, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

रेल्वेनें संभाजीनगरास जाऊन दुसऱ्या डॉक्टरीणबाईंस दाखविलें. त्यांनीं कागदावर गर्भाशयाचें चित्र काढून सर्व मार्ग समजावून सांगितले. त्रास नसेल तर नुसतें लक्ष ठेवणें. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या. गर्भाशयांत बसविण्याचें संप्रेरकयुक्त साधन. गांठीकडे जाणारी रक्तवाहिनी बंद करणें, हा उपाय पॅरिसच्या डॉक्टरांनीं सन १९९५ मध्यें जगापुढें मांडला. गर्भाशय राखून केवळ गांठी काढणें. आणि शेवटीं सबंध गर्भाशय काढणें. शेवटचा मार्गही पुष्कळ स्त्रियांस योग्य असतो व सुखाचा होतो. मात्र तो पहिला आणि एकुलता एक म्हणून पुढें केला जाऊं नये. आणि तरुण वयांत अंडकोश निष्कारण काढले, तर हाडें व हृदय यांस त्याचें मोल द्यावें लागतें.

गांठी काढून गर्भाशय राखण्याच्या शस्त्रक्रियेस प्रतिष्ठा मिळवून देणारे लंडनचे शस्त्रवैद्य व्हिक्टर बॉनी यांची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. विवाहानंतर थोड्याच काळांत त्यांच्या पत्नीचा गर्भाशय अशाच गांठीपायीं काढावा लागला व तें दांपत्य निःसंतान राहिलें. तें दुःख उराशीं धरून बॉनींनीं आयुष्यभर इतर स्त्रियांचे गर्भाशय वांचविले. सूनबाईंनीं हाच मार्ग निवडला. शिरेवाटे लोह देऊन तीन महिन्यांत रक्त भरून आणलें, मग शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनीं एक बारीक गांठ पुनः दिसली. ती तशीच आहे, व सूनबाई महालक्ष्म्यांचें पुरण स्वतः वाटतात.

दुसरा अनुभव लिहितांना लेखणी जड होते. आमची धाकटी बहीण वैधव्यानंतर आमच्याच घरीं राहत असे. तिची पाळी जाऊन सहा वर्षें झालीं होतीं. तिला जुनी गांठ होती व ती आपोआप जिरेल, असें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. सन २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास तिचें पोट वाढूं लागलें, दोनदां अंगावरून रक्ताचे डाग गेले. तिनें तें घरांत सांगितलें नाहीं. आनंदीस्वामींच्या दर्शनास जुन्या जालन्यास पायीं जाणें मात्र तिनें सोडलें. पाय दुखत असतील, असें आम्ही समजलों. पाळी गेल्यानंतर गांठ आक्रसण्याऐवजीं वाढणें, किंवा पुनः रक्त दिसणें, ही धोक्याची खूण आहे. ती आम्हांस ठाऊक नव्हती.

शस्त्रक्रिया ठरली. दुर्बिणीनें केली तर लवकर घरीं जातां येईल, असें कोणी सुचविलें; परंतु वयस्क सर्जननीं पोट उघडून गर्भाशय सबंध, न तोडतां काढण्याचा आग्रह धरला. त्यामागें एक दुःखद इतिहास आहे. अमेरिकेंत एमी रीड नांवाच्या डॉक्टरीणबाई, सहा मुलांची आई, यांची सन २०१३ मध्यें साध्या फायब्रॉइडसाठीं दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. मॉर्सेलेटर नांवाच्या फिरत्या पात्याच्या यंत्रानें गर्भाशयाचे पोटांतच तुकडे करून ते लहान छिद्रांतून बाहेर काढले. नंतर कळलें, कीं आंत कर्करोग दडलेला होता. यंत्रानें त्याचे कण पोटभर उधळले. त्यांनीं व त्यांच्या पतींनीं या यंत्राविरुद्ध मोठी चळवळ केली. सन २०१४ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें या यंत्राच्या वापराविरुद्ध इशारा दिला. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या सुमारें ३५० स्त्रियांमागें एकींत असा लपलेला सार्कोमा असूं शकतो, असा त्या खात्याचा अंदाज होता. पुढील कांहीं अभ्यासांत हें प्रमाण याहून कमी निघालें. सन २०१७ मध्यें एमी रीड निवर्तल्या. त्यांच्या झगड्याचा लाभ दूर जालन्यांतील आमच्या बहिणीस मिळाला.

पुढची चूक मात्र आमची. काढलेला गर्भाशय तपासणीस पाठविला होता व अहवाल आणण्याचें काम आमच्याकडे होतें. बहीण आठव्या दिवशीं हिंडूं-फिरूं लागली, टांके निघाले, सर्वजण "सुटली बिचारी" म्हणूं लागले. अहवाल सहा आठवडे तेथेंच पडून राहिला. छत्तीस वर्षें मुलांस "उत्तर लिहिल्यावर ताळा करून पाहा" असें बजावणाऱ्या मास्तरांनीं स्वतःच्या बहिणीच्या बाबतींत ताळा केला नाहीं. शेवटीं रुग्णालयांतूनच फोन आला. अहवालांत शब्द होता लियोमायोसार्कोमा. 'सार्क्स' म्हणजे मांस. गुळगुळीत स्नायूचा मांसार्बुदासारखा फोफावणारा कर्करोग. सहा आठवड्यांनीं कितीसा फरक पडला, हें आम्हीं डॉक्टरांस विचारलें. तें कोणालाच सांगतां येणार नाहीं, असें ते म्हणाले. तेंच आमच्या वांट्याचें ओझें.

हा रोग फार दुर्मिळ आहे. फायब्रॉइडचें त्यांत रूपांतर होतें असें बहुधा नसतें. तो स्वतंत्रपणेंच उद्भवतो. शस्त्रक्रियेपूर्वीं तो खात्रीनें ओळखणारी एकही तपासणी नाहीं. एम. आर. आय. वरून संशय येऊं शकतो. पिशवी खरवडून केलेल्या तपासणींत तो निसटूं शकतो. रोग गर्भाशयापुरताच असला तरी पुष्कळ स्त्रियांत तो पुनः उद्भवतो, आणि फुप्फुसें ही त्याची आवडती जागा. आमच्या बहिणीस चौदाव्या महिन्यांत तेथेंच तो दिसला.

संभाजीनगरास शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तें सन २०१२ मध्यें सुरू झालें. पूर्वीं मराठवाड्यांतील पुष्कळ रुग्णांस मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळें खर्चाचा मोठा भार हलका झाला. दर तीन आठवड्यांनीं सलाईनमधून औषध, त्यानंतर तीन दिवस फोडणीचा वास नकोसा, तोंडांत फोड, मग कांहीं बरे दिवस. केस गेले तेव्हां ती म्हणाली, "दादा, एवढें बरें झालें, वेणीचा खटाटोप संपला. तूं तोंड पाडून बसूं नकोस." प्रतीक्षागृहांत बदनापूर, अंबड, परतूरहून आलेल्या स्त्रियांशीं तिची मैत्री जडली. त्यांच्या गोष्टींत एकच धागा होता, "घरीं सांगितलें नाहीं," किंवा "सांगितलें, पण कोणी मनावर घेतलें नाहीं." निदानानंतर अडीच वर्षांनीं, सन २०२४ च्या उन्हाळ्यांत, ती गेली. त्याच वर्षीं फ्रान्समधील डॉक्टरांनीं दोन औषधें एकत्र दिल्यास अशा रुग्णांचें आयुष्य वाढतें, सरासरीच्या मध्यानें २४ ऐवजीं ३३ महिने, असें प्रसिद्ध केलें. नऊ महिने म्हणजे फार नव्हेत, असें ज्यास वाटेल, त्यानें ते कोणाच्या उशाशीं बसून मोजलेले नाहींत.

वाचकहो, दोन्ही अनुभवांतून आम्ही जें शिकलों तें थोडक्यांत असें. पाळी सात दिवसांहून अधिक चालली, गुठळ्या पडल्या किंवा धाप लागली, तर तें स्त्रीचें नशीब नसून दुखणें आहे. हिमोग्लोबिन व सोनोग्राफी करावी. गांठ म्हटल्याबरोबर कर्करोग समजूं नये, आणि घाबरून पिशवी काढण्यास संमति देऊं नये. दुसऱ्या डॉक्टरांचें मत घ्यावें. पाळी गेल्यावर गांठ वाढली किंवा रक्त दिसलें, तर मात्र एक आठवडाही दवडूं नये. दुर्बिणीचें ऑपरेशन ठरल्यास गर्भाशय सबंध काढणार कीं तुकडे करून, आणि तुकडे केल्यास ते पिशवींत घालून बंदिस्त ठेवणार काय, हें स्पष्ट विचारावें. आणि काढलेल्या गांठीचा अहवाल स्वतः जाऊन आणावा, डॉक्टरांकडून वाचून घ्यावा, तोंवर "सुटली" असें म्हणूं नये.

आमच्या देवघराशेजारच्या फडताळांत पंचांगाजवळ आतां एक फाईल असते. तींत घरांतील प्रत्येक स्त्रीचे तपासणीचे कागद आहेत, आणि ते आणण्याचें काम आम्हीं स्वतःकडे ठेवलें आहे. रात्रीच्या पंगतीला आम्ही आतां हेंही विचारतों. पहिल्यांदा सर्वांस संकोच वाटला. आतां वाटत नाहीं.