घड्याळ कोणाचे खरे?

गेल्या वर्षी आमच्या अभ्यासिकेत एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरीत होती. मुदत शेवटच्या दिवशी सायंकाळी ५ पर्यंतची. पानावर उलटी मोजणी चालू होती व तीन मिनिटे शिल्लक दिसत होती. तिने बटण दाबले आणि उत्तर आले, 'मुदत संपली आहे.' मुलगी रडवेली झाली. तिकडच्या संगणकाने फसविले असे सर्वांस वाटले. परंतु तपासून पाहता आमच्याच संगणकाचे घड्याळ चार मिनिटे मागे निघाले.

विद्यार्थी मित्रांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेबसाइट ज्या संगणकावर असते त्यास सर्व्हर म्हणतात. त्याचे घड्याळ वेगळे व आपल्या संगणकाचे वेगळे. संगणकातील घड्याळ क्वार्ट्झच्या लहानशा स्फटिकावर चालते. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. पण उष्णतेने वा जुनेपणाने त्यात किंचित फरक पडतो. दहा लाखांत वीस एवढी चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद, म्हणजे महिन्याला सुमारे ५० सेकंद होतात. ही चूक वेळोवेळी दुरुस्त व्हावी म्हणून एनटीपी नावाची पद्धत आहे. डेव्हिड मिल्स या अमेरिकन तज्ज्ञांनी ती १९८५ साली मांडली. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. सर्व्हर सहसा अशा ठिकाणाशी जुळवून घेतात. आमच्या संगणकात मात्र ही सोय कोणीतरी बंद करून ठेवली होती!

तरीही आमच्या मते मुख्य दोष पान तयार करणाऱ्याचा. उलटी मोजणी त्याने विद्यार्थ्याच्या घड्याळावर सोडली आणि निकाल मात्र सर्व्हरच्या घड्याळावर दिला. निकाल सर्व्हरनेच द्यावा, नाहीतर घड्याळ मागे करून कोणीही मुदत वाढवील. पण मग मोजणीही त्याच्याच वेळेने दाखवावयास हवी.

ते अवघड नाही. समजा, आपल्या घड्याळात ४ वाजून ५० मिनिटे झाली असता पानाने सर्व्हरला वेळ विचारली. उत्तर २ सेकंदांनी पोचले व त्यात ४ वाजून ५४ मिनिटे १ सेकंद असे लिहिले होते. जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असे धरले, तर सर्व्हरने वेळ लिहिली तेव्हा आपल्याकडे ४ वाजून ५० मिनिटे १ सेकंद झाला होता. म्हणजे फरक बरोबर ४ मिनिटे. जाणे-येणे असमान असले तरी चूक एकूण वेळेच्या निम्म्याहून, येथे एका सेकंदाहून, अधिक होत नाही. पुढची मोजणी ब्राउझरमधील स्वतंत्र मोजणीदाराने करावी. मध्येच कोणी घड्याळ बदलले तरी तो बदलत नाही. आणि सर्व्हरने सर्व वेळा जागतिक वेळेत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, नोंदवाव्यात. दुबईहून अर्ज भरणाऱ्या आपल्या मुलाचाही मग दीड तासाचा घोटाळा होत नाही.

आता आमच्या संगणकावर 'वेळ आपोआप जुळवा' ही सोय चालू केली आहे, आणि मुदतीच्या दिवशी अर्ज दुपारपूर्वी पाठविण्याचा नियमही केला आहे. त्या मुलीला मात्र पुन्हा अर्ज करण्यासाठी वर्षभर थांबावे लागले.